विरोधकांवर बोलायचे, पण कशावर?

मंडळी, निवडणूक गावात शिरली की सर्वांत आधी ती कुत्र्यांना कळते. एरवी नऊच्या पुढे वस्तीकडे कोणी फिरकत नाही. पण जिल्हा परिषदेची तारीख लागली की रात्री अकरा-बारापर्यंत मोटारसायकली येत-जात राहतात आणि कुत्री भुंकून भुंकून थकतात. मग पाहुणे ओट्यावर बसतात, चहा होतो, आणि बोलणे सुरू होते ते स्वतःच्या पक्षापासून नव्हे, समोरच्या पक्षापासून. समोरच्याने काय बुडवले, काय खाल्ले, कोणाला फसवले! ऐकणारा मान हलवतो. दुसऱ्या दिवशी दुसरी मंडळी येतात, तेव्हाही तोच ओटा, तोच चहा नि तीच मान.

तुमच्याकडेही असेच होत असणार. म्हणून आज या विषयावर तुमच्याशी चार शब्द बोलावेसे वाटले. विरोधी पक्षावर टीका नको, सगळे गोडीगुलाबीने व्हावे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. गावात बिनविरोध निवडणूक झाली की पेपरात कौतुकाने छापून येते. मी मात्र अशा वेळी मनात विचारतो, बिनविरोध म्हणजे कोणी विचारणाराच नाही असे तर नाही ना? बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीभोवती एकच व्यापारी उभा असला तर भाव काय निघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोघे-तिघे बोली बोलणारे हवेत. निवडणुकीतही एकाने दुसऱ्याचा माल उघडून दाखवला पाहिजे. वरचा थर पाखडलेला नि खाली चिंगळी, हे कोणीतरी हात घालून काढले पाहिजे. प्रश्न एवढाच की हात घालायचा कोणत्या ट्रॉलीत?

हे मला नीट सुचले ते २०१७ च्या फेब्रुवारीत. आमच्या गणातील पंचायत समितीची जागा महिलांसाठी राखीव झाली आणि पुतण्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या धाकट्या सूनबाईला, उमेदवारी मिळाली. (जिल्हा परिषदेचा एक गट, त्यात पंचायत समितीचे दोन गण, म्हणून खेड्यातल्या मतदाराने एका वेळी दोन मते द्यायची. तरीही दर खेपेला एक मत देऊन परतणारे म्हातारे-कोतारे असतातच.) जाहिरातीच्या फलकावर सूनबाईचा फोटो हाताच्या तळव्याएवढा आणि पुतण्याचा सुपाएवढा. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, पण फलक रंगवणाऱ्यापर्यंत ती बातमी अजून पोहोचली नसावी.

मी पूर्वी ग्रामपंचायतीत दोन खेपा सदस्य होतो, चार शब्द बरे बोलतो असा लौकिक आहे. साहजिकच पुतण्या आला आणि म्हणाला, "नाना, पाराजवळच्या सभेत तुम्ही बोला. त्यांच्या पक्षाची धोरणं चांगली सोलून काढा. नोटाबंदी घ्या, कांद्याचा भाव घ्या. लोक चिडलेलेच आहेत."

लोक चिडले होते हे खरे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री हजाराच्या आणि पाचशेच्या नोटा बंद झाल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली. आणि शेतकऱ्याचे खाते तर तिथेच. बाजार समितीत रोखीऐवजी चेक मिळू लागले. लाल कांदा मातीमोल गेला होता, निघू लागलेल्या रांगड्यालाही भाव नव्हता. तुरीचे पीक भरघोस आले, तर सरकारी हमीभाव बोनससह ५०५० रुपये क्विंटल असूनही उघड्या बाजारात त्याच्या खाली विकावी लागत होती. बोलायला विषयांची काही टंचाई नव्हती. मी कागदावर मुद्देही काढले.

रात्री ते मुद्दे घरात वाचून दाखवले. मंडळी लसूण सोलत बसल्या होत्या. शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सगळं खरं आहे. पण कांद्याचा भाव आपली पंचायत समिती ठरवते का? आणि नोटा बंद करायच्या आधी दिल्लीवाल्यांनी बीडीओला विचारलं होतं का?"

मी म्हटले, "लोकांच्या मनात जे आहे ते बोलायला नको?"

"बोला की. पण मत मागताय धाकटीसाठी. ती निवडून आली तर काय करणार, हे कोणी विचारलं तर ती काय सांगेल? नोटा पुन्हा चालू करते म्हणून?"

वाचकहो, ज्या घरात आजवर अंगणवाडीच्या खिचडीपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळ्या तक्रारी बायकांनीच सोसल्या, त्या घरातल्या बाईला जिल्हा परिषद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ते समजावून घ्यावे लागते ते आम्हाला, पारावर बसून दिल्ली-मुंबईचे राजकारण करणाऱ्यांना.

जिल्हा परिषद काय करते, हे एकदा मोजून बघा. वसंतराव नाईकांच्या समितीने १९६१ साली अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून आपल्याकडे जिल्हा परिषदा नि पंचायत समित्या सुरू झाल्या. तुमचे मूल ज्या शाळेत पहिलीत बसते ती शाळा, सूनबाईचे टीके होतात ते प्राथमिक आरोग्य केंद्र नि उपकेंद्र, अंगणवाडी, गाय अडली तर धावत जाता तो बहुतेक गावांतला पशुवैद्यकीय दवाखाना, गावाला जोडणारा ग्रामीण रस्ता, ओढ्यावरचा कोल्हापुरी बंधारा, लहान पाझर तलाव, गावची नळयोजना. एवढा संसार. यातले काय बिघडले ते बोलायला एक सभा पुरायची नाही. आणि आपण मात्र निर्यातबंदीवर भाषण ठोकतो.

निर्यातबंदीचेच बघा ना. कांदा आपला जीव की प्राण, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. डिसेंबर २०१० मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा दिल्लीत एक आघाडी होती. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा दुसरी होती. मधे ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिलेच. ते पुढे २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून गेले. पक्षांची नावे मी मुद्दाम घेत नाही, तुम्हाला ती पाठ आहेत. गंमत अशी की २०१० साली बंदीविरुद्ध घसा फोडणारे पुढे बंदीचे समर्थन करू लागले, आणि तेव्हा गप्प बसलेले नंतर कांद्याच्या माळा गळ्यात घालून फिरू लागले. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये ही दोघांचीही काळजी. १९९८ साली महाग कांद्याने दिल्लीचे राज्य सरकार बुडवले, ते कोणी विसरलेले नाही. हा मुद्दा लोकसभेला जरूर विचारा. तेव्हा तुमच्या दारात येणाऱ्याला उभे करून विचारा. पण पंचायत समितीच्या गणात त्यावर मत मागणे म्हणजे गिरणीवाल्याकडे जाऊन दुधाची फॅट तपासून मागण्यासारखे आहे.

आणखी एक अडचण होती, ती घरातलीच. आमचे व्याही, म्हणजे थोरल्या लेकीचे सासरे, शेजारच्या गणात विरुद्ध पक्षाचे जुने कार्यकर्ते. माणूस सरळ, बोलायला तिखट. आमच्या बाजूच्या एका तरुण वक्त्याने एका सभेत त्यांच्या पक्षावर बोलता बोलता त्यांच्या घरातल्या जमिनीच्या वाटणीचा विषय काढला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांचा आवाज रात्रीच लेकीच्या सासरच्या चुलीपर्यंत गेला. सकाळी लेकीचा फोन आला. ती रडली नाही, पण म्हणाली, "नाना, सभा तुमच्या होतील आणि संपतील. मला इथेच भाकरी थापायची आहे."

मी पुतण्याला बोलावून सांगितले, माझ्या भाषणाच्या आधी नि नंतर कोणी कोणाच्या घरात शिरायचे नाही. शिरलात तर मी माईक खाली ठेवीन. त्याला वाटले, नाना व्याह्यांना भ्यायले. तसे नव्हते. निवडणुकीची आदर्श आचारसंहिताच तसे सांगते. इतर पक्षांवर टीका करायची तर त्यांची धोरणे, कार्यक्रम, मागची कामगिरी यांवर करावी. ज्या खाजगी गोष्टींचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही त्यांत पडू नये, आणि सिद्ध न झालेले आरोप करू नयेत. जातीच्या नावाने मते मागू नयेत, हेही त्यातच आहे. हा कागद प्रत्येक उमेदवाराला मिळतो, आणि सतरंजीखाली जातो.

तर मग बोलायचे कशावर? सूनबाईलाच विचारले, बायका तुझ्याकडे कशाची तक्रार घेऊन येतात? तिच्याजवळ एक शंभर पानी वही होती, पोरांच्या शाळेतली उरलेली. त्यात तिने घरोघर फिरताना लिहून ठेवले होते. अमक्या वस्तीचा हातपंप नादुरुस्त, तमक्या अंगणवाडीचा पत्रा उडाला, उपकेंद्रात नर्सबाई मुक्कामी नाही. आणि एका पानावर सात बायकांची नावे, त्यापुढे 'शिलाई मशीन'.

ती भानगड अशी. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सेस फंड म्हणतात. त्यातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी वेगळे काढायचे असतात. त्यातून शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकली, पंप, ताडपत्री अशा वस्तू वाटल्या जात. डिसेंबर २०१६ मध्ये राज्य सरकारने ठरवले की यापुढे वस्तू द्यायच्या नाहीत. लाभार्थ्याने आधी स्वतःच्या पैशाने वस्तू घ्यावी, पावती दाखवावी, आणि मग रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी. धोरण समोरच्या पक्षाच्या सरकारचे. त्या सात बायकांना निवडीची पत्रे आली होती, पण मशीन घ्यायला हातात सहा-सात हजार कुठले? त्यातल्या दोघी विधवा, मजुरीवर जाणाऱ्या. आणि तो हिवाळा नोटाबंदीचा. ज्याच्याकडून उसने घ्यावेत त्याच्याच हातात चेक. एकीने सोनाराकडे डोरले ठेवण्याची तयारी केली होती. सूनबाईने तिला थांबवले होते.

मला विषय सापडला. पण बोलण्याआधी मी पंचायत समितीत जाऊन आलो. त्या कचेरीशी माझा जुना परिचय. एका कारकुनाने मागचे गोदाम उघडून दाखवले. आदल्या वर्षांत आलेल्या काही मशीन तिथे खोक्यात पडून होत्या. काहींचे पाय गंजलेले, काहींना चाकच नाही. वाटायच्या राहिल्या कारण यादीवर भांडण. आणि वाटल्या त्यांची शिलाई चार दिवसांत तुटली, कारण खरेदी कोणाकडून झाली ते विचारायचे नाही. तो काळ कोणाचा? बराचसा आमच्याच पक्षाचा.

सभेला शे-दीडशे माणसे होती. आमच्या आधीच्या वक्त्याने नोटाबंदीवर जोरदार बोलून घेतले, टाळ्या घेतल्या. मी उभा राहिलो आणि गोदामापासून सुरुवात केली. म्हटले, वस्तू वाटण्याची जुनी पद्धत वाईट होती, ती आमच्या वेळची, मी डोळ्यांनी पाहून आलो. पैसे थेट खात्यात देण्याचे धोरण समोरच्यांनी आणले, त्यामागचा हेतू चुकीचा नाही. मधला खाणारा हात त्याने तुटतो. पण हे धोरण ज्याने लिहिले त्याच्या डोळ्यांपुढे खिशात सात हजार असलेला माणूस होता. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याच्यासाठीच तर ही योजना! भुकेल्याला सांगायचे, आधी खानावळीत जेवून ये, पावती आण, मग पैसे देतो.

सूनबाई खाली मान घालून बसली होती. पुतण्याने माझा सदरा मागून ओढला, बहुधा "आमच्या वेळची" या शब्दांसाठी. मी पुढे सांगितले, आमची उमेदवार निवडून आली तर पंचायत समितीत पहिल्या काही सभांतच असा ठराव मांडेल की, गरीब लाभार्थ्याच्या बाबतीत दुकानदाराचे कोटेशन घ्या आणि त्यावर रक्कम आधी द्या, पावती नंतर घ्या. आणि हा ठराव जिल्हा परिषदेमार्फत सरकारकडे पाठवा. मंजूर करणे आपल्या हाती नाही, पण मांडणे आहे. एवढे बोलून बसलो.

टाळ्या पडल्या नाहीत. सभेत अशी एक शांतता असते की वक्त्याला वाटते, आपण पडलो. मागे बायकांच्या घोळक्यात मात्र कुजबुज चालली होती. घरी येताना पुतण्या एक शब्दही बोलला नाही. त्याच्या मते मी समोरच्यांचे निम्मे भाषण करून आलो होतो.

तिसऱ्या दिवशी व्याही आले, कांद्याच्या रोपाच्या निमित्ताने. ओट्यावर बसले, चहा घेतला, मग म्हणाले, "नाना, तुमचं भाषण आमच्याकडे पोचलं. गोदामाचं तुम्हीच बोललात, आम्हाला बोलायला काही ठेवलं नाही. पण मशीनचं खरं आहे. आमच्या गणातही पाच जणी आहेत." वाटणीच्या विषयाचा ना त्यांनी उल्लेख केला, ना मी. लेकीने मात्र त्यांच्याबरोबर तिळाच्या वड्यांचा डबा पाठवला होता. संक्रांत होऊन महिना लोटला होता; वड्या ताज्या होत्या.

२१ फेब्रुवारीला मतदान, २३ ला निकाल. सूनबाई थोड्या मतांनी निवडून आली. माझ्या भाषणाने आली असे मी म्हणणार नाही. आमच्या आडनावाची घरे गणात बरीच आहेत, हे कारण मोठे. ठराव तिने मांडला. शेजारच्या गणातून आलेला, व्याह्यांच्या पक्षाचा सदस्य त्याला अनुमोदन देता झाला. ठराव वर गेला. वरून उत्तर यायला आठ महिने लागले आणि त्यात 'विचाराधीन' एवढाच शब्द होता. दरम्यान बचत गटाने त्या सातपैकी पाच जणींना आधी पैसे दिले, अनुदान आल्यावर त्यांनी फेडले. दोघींचे राहिले ते राहिलेच.

आता सरपंचाच्या निवडीचे सांगतो, कारण ग्रामपंचायतीच्या वेळी हा वाद तुमच्या गावातही उठतोच. २०१७ साली एका सरकारने कायदा केला की सरपंच थेट लोकांनी निवडावा. २०२० मध्ये पुढच्या सरकारने तो रद्द केला, सदस्यांतूनच सरपंच. २०२२ मध्ये त्यापुढच्या सरकारने पुन्हा थेट निवड आणली. पाच वर्षांत तीनदा! प्रत्येक वेळी सांगितलेले कारण लोकशाहीचेच. वास्तविक यावर चांगली टीका करता येते, दोन्ही बाजूंनी. सदस्य सरपंच निवडत तेव्हा सदस्यांना सहलीला नेऊन ठेवायचे, फोन काढून घ्यायचे, हा धंदा आपण पाहिला आहे. थेट निवडीने तो थांबला. पण सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, अशी जोडी पडली की मासिक सभेत पाणीपट्टीचा ठरावसुद्धा पुढे सरकत नाही. एका खांद्यावर बैल, दुसऱ्यावर रेडा. माझे मत विचाराल तर थेट निवड बरी, पण सदस्यांचे ऐकून घेण्याची सक्ती हवी. तुमचे वेगळे असेल. ज्याने कायदा बदलला त्याला तुमच्या गावातले उदाहरण देऊन विचारा. मुंबईच्या भाषणातले वाक्य परत ऐकवून काही हाती लागत नाही.

शाळांचेही तसेच. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचे ठरले, तेव्हा ओरड झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा विषय निघाला. तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले गेले. आमच्या मळ्यातल्या वस्तीशाळेचा पट तेव्हा चौदा होता. चौदा पोरांना दोन शिक्षक, खर्च परवडत नाही, हे म्हणणे मला अगदीच खोटे वाटत नाही. मोठ्या शाळेत खेळायला सवंगडी मिळतात, प्रयोगाचे सामान मिळते. पण मधे ओढा आहे. पावसाळ्यात त्याला पाणी आले की मोठा माणूस काठावर बसून राहतो, तिथे सहा वर्षांची पोर काय करणार? शिक्षण हक्काच्या कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे, ते अशाच पोरीसाठी. म्हणजे टीका करायची ती 'शाळा बंद पाडणारे सरकार' अशी नुसती नव्हे. ओढ्यावर पूल कधी, गाडी कोण देणार, गाडी बिघडली त्या दिवशी पोर घरी की शाळेत, हे विचारायचे. याचे उत्तर ज्या पक्षाकडे असेल त्याला मी माझे मत देईन, मग झेंडा कोणताही असो. आमच्या घरात हे वाक्य सर्वांना आवडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१७ ला निवडून आलेल्या बहुतेक जिल्हा परिषदा नि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मग ओबीसी आरक्षण, गटांची रचना, कोर्टकचेरी यांत वर्षांमागून वर्षे गेली. कारभार प्रशासकाकडे. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे गाडे हलू लागले. तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, या संस्थांची मुदत पाच वर्षांची नि त्यापूर्वी नवी निवडणूक असे बांधून दिले, ते कागदावर राहिले. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती नि जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. पण निवडून आलेली मंडळी नसतील तर तो वाटा मिळायलाही अडचण.

प्रशासक वाईट असतो असे नाही. आमच्याकडे एक फार कामाचा साहेब होता. पण त्याच्या कामावर टीका कोणी करायची, कुठे उभे राहून? त्याची ना सभा, ना प्रचार, ना त्याला आमच्या मताची गरज. सूनबाईकडे बायका येतच राहिल्या. ती सांगायची, मी आता माजी आहे. त्या म्हणायच्या, ते असू द्या, आमचं काम सांगा. ती बीडीओंच्या दालनाबाहेर बाकावर बसून राहायची; आधी आत खुर्ची होती. सत्तेतल्या पक्षांना या तीन वर्षांबद्दल कोणी सभेत विचारले का? मी तरी ऐकले नाही. विरोधी पक्षही गप्प. त्यांच्याही काळात काही ठिकाणच्या निवडणुका लांबल्या होत्या ना! आपापल्या अंगणातला केर झाकायचा म्हणून दोघांनी मिळून दार लावले. माझ्या मते नोटाबंदी नि निर्यातबंदी राहू द्या, गावच्या मतदाराने दोन्ही बाजूंना खडसावून विचारावे असा प्रश्न हाच.

तेव्हा तुमच्या ओट्यावर मंडळी येतील, तेव्हा चहा जरूर द्या. समोरच्या पक्षाला शिव्या देऊ लागले तर मधेच विचारा, हे तुमच्या जागेच्या अखत्यारीत आहे का? असेल तर तुमच्या राज्यात ते कसे होते? आणि उद्या तुम्ही काय कराल? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण घड्याळ बघतात. कोणी नीट उत्तर दिले तर त्याला दुसरा कप पाजा.

सूनबाईची ती शंभर पानी वही भरली. आता दुसरी चालू आहे. आमच्या उपकेंद्रातली नर्सबाईंची जागा कोणत्या महिन्यापासून रिकामी, मधे कोण किती दिवस येऊन गेले, गेल्या पावसाळ्यात बाळंतपणासाठी कोणकोणाला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावे लागले, हे तारखेनिशी त्यात आहे. सभा कोणाचीही असो, जाऊन पुढे बसायचे आणि वही उघडायची, असे तिने ठरवले आहे. व्याह्यांचा निरोप आला आहे, आमच्या सभेला आलात तर खुर्ची पहिल्या रांगेत ठेवतो; फक्त नानांना बरोबर आणू नका, ते फार लांबवतात.